मातीतून आलेला दागिना ओळखायचा कसा?

२००९ साली उत्तर यॉर्कशायरमधल्या एस्क्रिक गावाजवळच्या शेतात मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या एका हौशी शोधकाला सोन्याची अंगठी सापडली. मधोमध नीलम, भोवती सोन्याच्या घरांत बसवलेली काच आणि बारीक कारागिरी. सुरुवातीला ती दहाव्या-अकराव्या शतकातली मानली गेली. यॉर्कशायर म्युझियमने ती ३५ हजार पौंडांना विकत घेतली आणि २०१३ मध्ये तीसहून अधिक तज्ज्ञांना यॉर्कला बोलावून ती त्यांच्यापुढे ठेवली. या मंडळींचं मत पडलं की अंगठी पाचव्या किंवा सहाव्या शतकातली असावी आणि ती इंग्लंडमध्ये न घडता युरोपच्या मुख्य भूमीवर, कदाचित फ्रान्समध्ये घडली असावी. तिच्यातला नीलम तर त्याहूनही जुना, बहुधा रोमन काळात घासलेला निघाला. एका बैठकीत अंगठीचं वय चार-पाचशे वर्षांनी वाढलं आणि तिचा देशही बदलला.

तीस तज्ज्ञांना एकत्र बसून जे ठरवावं लागतं, ते शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाला एकट्याने कसं ठरवता येणार? इंग्लंड आणि वेल्समध्ये हा प्रश्न रोजचा आहे. तिथल्या कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या ‘ट्रेझर’च्या नोंदी आता दरवर्षी हजारावर जातात आणि त्यांतल्या बहुतेक डिटेक्टरवाल्यांच्या असतात. ओळख पटवण्याच्या रीती बऱ्याच आहेत. त्यांतली कोणती कुठवर नेते आणि कुठे दगा देते, याचा हा आढावा.

यंत्राला सोनं कळत नाही

डिटेक्टर सोनं शोधतो, हा पहिला गैरसमज. त्याच्या तबकडीतलं तारेचं वेटोळं जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडतं. खाली धातू असला तर त्यात वीजप्रवाह निर्माण होतो आणि त्याचा प्रतिसाद यंत्र टिपतं. पडद्यावर एक आकडा येतो, पण त्या आकड्यात वस्तूची वाहकता, आकार, जाडी आणि ती जमिनीत आडवी पडली आहे की उभी, हे सगळं मिसळलेलं असतं. म्हणून सोन्याची अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी यांचे आकडे पुष्कळदा सारखेच येतात. कड्या उकरून कंटाळलेला शोधक तो आकडा सोडून द्यायला लागला, की त्याच्याबरोबर अंगठ्याही सुटतात.

शेत एकदा पालथं घातलं म्हणजे रिकामं झालं, असंही नसतं. स्टॅफर्डशायरमधल्या लीकफ्रिथ इथे दोन मित्रांनी एका शेतात पूर्वी शोध घेतला होता आणि हाती काही न लागल्याने नाद सोडला होता. २०१६ च्या डिसेंबरात ते पुन्हा गेले, तेव्हा तिथेच सोन्याचे तीन कंठालंकार आणि एक कडं निघालं. आपल्याकडच्या सरीच्या जातीचे हे कडक, पिळाचे दागिने इसवीसनपूर्व ४०० ते २५० या काळातले ठरले. ब्रिटनमधल्या लोहयुगातल्या सर्वांत जुन्या सोन्यात त्यांची गणना होते, आणि त्यांची किंमत ३ लाख २५ हजार पौंड ठरवण्यात आली.

यंत्र फक्त ‘इथे धातू आहे’ एवढंच सांगतं. ओळखीचं काम त्यानंतर सुरू होतं.

रंग, वजन आणि कस

हातात आलेल्या वस्तूचा धातू बऱ्याचदा नुसत्या नजरेने कळतो. चांगल्या कसाचं सोनं हजार वर्षं मातीत राहूनही पिवळंधमक बाहेर येतं. चांदी काळपट किंवा जांभळट पडते आणि ठिसूळ होते. तांबं आणि त्याचे मिश्रधातू हिरवे होतात. हिरव्या वस्तूच्या खाचांत मध्येच पिवळी चमक दिसली, तर तिच्यावर सोन्याचा मुलामा होता असं समजावं. उंचवट्यांवरचा मुलामा झिजून जातो, खोलगट जागी टिकतो.

यापुढची पायरी घनतेची. सोन्याची घनता १९.३, चांदीची १०.५ आणि तांब्याची सुमारे ९. समजा एक अंगठी हवेत ५ ग्रॅम भरली आणि दोऱ्याने पाण्यात टांगली तेव्हा ४.७ ग्रॅम. फरक ०.३ ग्रॅमचा. पाचाला ०.३ ने भागलं की घनता येते १६.७ च्या आसपास. हे सोनं १८ कॅरटपेक्षा वर आणि २२ च्या खाली आहे, एवढं अंगठीला ओरखडाही न काढता कळतं. मात्र अंगठी पोकळ असेल, तिच्यात खडा असेल किंवा कोंदणात माती अडकली असेल, तर हा हिशोब चुकतो.

प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी धातूंचं प्रमाण मोजतात. त्यालाही मर्यादा आहे, कारण हे मोजमाप पृष्ठभागाचं असतं. २००९ च्या जुलैमध्ये स्टॅफर्डशायरमध्ये सापडलेल्या अँग्लो-सॅक्सन साठ्याने ती मर्यादा ठळक केली. सुमारे ४,६०० तुकड्यांच्या आणि चार किलो सोन्याच्या या साठ्यात अनेक वस्तूंचा पृष्ठभाग आतल्या धातूपेक्षा जास्त कसाचा निघाला. सातव्या शतकातल्या सोनारांनी वरच्या थरातली चांदी मुद्दाम काढून टाकून सोन्याचा रंग खुलवला होता. नुसत्या पृष्ठभागावर विसंबून कस लिहिला असता, तर तो चुकीचाच लागला असता.

कसावरून काळाचा अंदाज कधी कधी चांगला लागतो. ब्रिटनमध्ये ९, १२ आणि १५ कॅरटला कायद्याने मान्यता मिळाली ती १८५४ मध्ये. १९३२ मध्ये १२ आणि १५ कॅरट रद्द होऊन त्यांच्या जागी १४ कॅरट आलं. तेव्हा १५ कॅरटचा छाप असलेली ब्रिटिश अंगठी या ७८ वर्षांतलीच. मोजून बरोबर ३७.५ टक्के सोनं भरलं, तर वस्तू व्हिक्टोरिया राणीच्या काळातली किंवा नंतरची असल्याचा संशय घ्यायला भरपूर जागा असते. अगदी कमी कसाचं सोनं प्राचीन काळीही वापरात होतं, म्हणून नुसता कस हा पुरावा एकटा पुरा पडत नाही.

घडणीच्या खुणा

धातूपेक्षा घडण जास्त बोलते, आणि इथे पुरातत्त्वज्ञाइतकाच सोनारही कामाचा. सोन्याची तार घ्या. आजचा सोनार ती पोलादी पट्टीतल्या लहान-लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढतो. अशा तारेवर भिंगाखाली लांबीच्या दिशेने सरळ बारीक रेघा दिसतात. प्राचीन कारागीर सोन्याच्या पत्र्याची अरुंद पट्टी कापून ती पिळायचा आणि दोन सपाट फळ्यांमध्ये लाटून गोल करायचा. त्या तारेवर फिरत जाणारी नागमोडी सांध्याची रेघ राहते. रोमन म्हणून आलेल्या कर्णभूषणाची तार ओढलेली निघाली, की जाणकाराच्या कपाळावर आठी पडते.

डाग देण्यासाठी वापरलेला धातूही बोलतो. डागात कॅडमियम सापडलं तर काम आधुनिक काळातलं किंवा किमान दुरुस्ती तरी आधुनिक. मुलाम्यात पाऱ्याचा अंश मिळाला तर तो जुन्या रीतीचा, सोनं पाऱ्यात कालवून विस्तवावर चढवलेला. विजेने चढवलेला मुलामा १८४० नंतर बाजारात आला. ब्रोचच्या मागची टाचणी आणि ती अडकवायचा आकडा यांची ठेवणही काळानुसार बदलत गेली. साधा उघडा आकडा शतकानुशतकं चालला, फिरवून बंद होणारी सुरक्षित कडी विसाव्या शतकाची. बनावट वस्तू पुढून हुबेहूब असते. ती बहुधा मागच्या बाजूने पकडली जाते.

झीजही वाचता यावी लागते. खऱ्या वापराची झीज जिथे बोट, कापड किंवा शेजारची कडी घासते तिथेच असते. सगळीकडे सारखी झीज असली, तर ती कुणीतरी मुद्दाम आणलेली असण्याचा संभव जास्त. एस्क्रिकच्या अंगठीवरच्या झिजेवरूनच ती कित्येक दशकं कुणाच्या तरी बोटात होती, हे तज्ज्ञांनी सांगितलं.

आकार, अक्षर आणि छाप

फॅशन बदलते, हा पुरातत्त्वाला मिळालेला मोठाच आधार. ब्रोचच्या बाबतीत तर ब्रिटनमध्ये पूर्ण वंशावळी तयार आहेत. रोमन काळाच्या सुरुवातीचे कमानदार, स्प्रिंगचे ब्रोच, मग बिजागरीचे, मग मीनाकाम केलेले चपटे, चौथ्या शतकात अधिकाऱ्यांच्या खांद्यावर दिसणारे क्रॉसबोच्या घाटाचे, त्यानंतर अँग्लो-सॅक्सन बायकांचे बशीसारखे आणि क्रुसाच्या आकाराचे. ओळखणारा माणूस तुटका तुकडा पाहूनही पन्नास-शंभर वर्षांच्या पट्ट्यात बोट ठेवतो.

अंगठ्यांत लिपीची मदत होते. तेराव्या आणि चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या अक्षरांना गोलाई असते. पुढे सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत टोकदार गॉथिक अक्षरं चालतात आणि त्यानंतर रोमन अक्षरं येतात. प्रेमाचे किंवा श्रद्धेचे छोटे मजकूर कोरलेल्या ‘पोझी’ अंगठ्यांत मजकूर आधी बाहेरच्या बाजूला असे. सतराव्या शतकात तो आत, कातडीला लागून गेला. संतांच्या प्रतिमा कोरलेल्या इंग्लिश अंगठ्या साधारण १४०० पासून धर्मसुधारणेपर्यंत मिळतात. चाक हाती घेतलेली कॅथरिन, मनोऱ्याशेजारची बार्बरा, खांद्यावर बाळ घेतलेला ख्रिस्तोफर हे ठरावीक. १५३० च्या दशकात आठव्या हेन्रीने रोमशी काडीमोड घेतल्यावर हा प्रकार आटला. कवटी कोरलेल्या शोकाच्या अंगठ्या सतराव्या-अठराव्या शतकात येतात. त्यांच्या आतल्या बाजूला मृताची आद्याक्षरं, तारीख आणि कधी वयही असतं. अशी अंगठी चर्चच्या नोंदवहीशी जुळली, की दागिना थेट एका माणसापाशी जाऊन पोचतो.

मजकूर वाचता येण्याची ताकद डेन्मार्कमध्ये दिसली. २०२० च्या डिसेंबरात विंडेलेव इथे सुमारे ८०० ग्रॅम सोन्याचा साठा सापडला. त्यातल्या एका पदकावरचा रून लिपीतला मजकूर तज्ज्ञांना लागला आणि २०२३ मध्ये जाहीर झालं की त्यात ओडिन या देवाचं नाव आहे. तोवरच्या सर्वांत जुन्या उल्लेखाच्या सुमारे दीडशे वर्षं आधीचं.

इंग्लंडमधलं मासलेवाईक उदाहरण म्हणजे १९८५ मध्ये मिडलहॅमच्या किल्ल्याजवळ सापडलेलं पंधराव्या शतकातलं पदक. शंकरपाळीच्या आकाराचं, सोन्याचं, वरच्या टोकाशी नीलम. पुढच्या बाजूला ख्रिस्ती त्रिमूर्ती, मागे ख्रिस्तजन्म. कडेने लॅटिन प्रार्थना आणि तिच्या शेवटी ‘अनानिझाप्टा’ हा मंत्रवजा शब्द, जो अपस्माराच्या झटक्यांवर उतारा मानला जाई. पदक उघडल्यावर आत सोन्याच्या धाग्याने भरलेल्या रेशमी कापडाच्या चकत्या मिळाल्या. नुसतं ‘मध्ययुगीन सोनेरी पदक’ म्हणून थांबलेल्या माणसाच्या हाती यातलं काहीच लागलं नसतं. धातू, चित्रं, अक्षरं आणि आतलं कापड एकत्र वाचल्यावर हा श्रीमंत घरच्या, बहुधा स्त्रीच्या, गळ्यातला संरक्षक ताईत होता, अशी ओळख उभी राहिली.

कसाचे सरकारी छाप ही सर्वांत नेमकी खूण. इंग्लंडमध्ये चांदीवर बिबट्याच्या तोंडाचा छाप १३०० सालच्या कायद्याने आला, कारागिराची खूण १३६३ मध्ये, लंडनमध्ये वर्षाचं अक्षर १४७८ मध्ये, चालता सिंह १५४४ मध्ये. बर्मिंगहॅमचा नांगर १७७३ पासूनचा. राजाराणीचं मुख असलेला कराचा छाप १७८४ ते १८९० याच काळातला. चमच्यावर हे सगळे छाप असतील तर वर्ष सांगता येतं. दागिन्यांच्या बाबतीत पंचाईत अशी की, छोट्या दागिन्यांना अठराव्या शतकापासून छापातून बरीच सूट होती. छाप नाही म्हणून दागिना खोटा ठरत नाही, आणि नवाही ठरत नाही. आपल्याकडे ९१६ चा शिक्का पाहून सोनं घ्यायची सवय लागलेल्या वाचकाने हे विशेष ध्यानात ठेवावं.

खड्यांचा प्रवास

खडा कसा घासला आहे, यावरून पहिला अंदाज बांधतात. मध्ययुगातला नीलम किंवा माणिक बहुधा गुळगुळीत, पैलू न पाडलेला. हिऱ्याला सपाट माथा देण्याची रीत पंधराव्या-सोळाव्या शतकातली. झगमगीत अनेकपैलू काप सतराव्या शतकाच्या अखेरीनंतर रुळला. कृत्रिम माणिक विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मोठ्या प्रमाणावर बनू लागलं. एस्क्रिकने शिकवलेली खबरदारी मात्र कायमची आहे. खडा जुना असूनही कोंदण नवं असू शकतं, कारण खडे पिढ्यान्‌पिढ्या उतरवून पुन्हा जडवले जात. इंग्लंडमधल्या हॉक्स्ने इथल्या रोमन साठ्यातल्या काही अंगठ्यांचे खडे पुरण्यापूर्वीच काढून घेतलेले आढळले.

खड्यांतून आपल्या दाराशी येणारा धागा गार्नेटचा आहे. अँग्लो-सॅक्सन आणि फ्रँक सरदारांच्या सोन्यात पातळ कापलेल्या लाल गार्नेटचं जडावकाम असतं. रासायनिक तपासणीत पाचव्या-सहाव्या शतकातल्या या खड्यांचा मोठा वाटा भारत आणि श्रीलंकेतला ठरला आहे. राजस्थान आणि तेलंगणातल्या गार्नेटशी ते ताडून पाहिले गेले आहेत. सातव्या शतकाकडे येताना बोहेमियातले लहान खडे वाढतात. म्हणजे खडा कुठून आला हे कळलं की काळालाही हातभार लागतो, आणि रोमन साम्राज्य कोसळल्यावरही आपल्याकडचा माल युरोपच्या टोकापर्यंत जात होता हेही उमगतं. स्टॅफर्डशायरच्या साठ्यातले गार्नेटही काही मध्य युरोपातले, काही भारतीय उपखंडातले मानले जातात.

निम्मी ओळख मातीत

इथवरच्या सगळ्या खुणा दागिन्याच्या अंगावरच्या होत्या. उरलेल्या खुणा तो जिथे पडला होता तिथे असतात, आणि त्या एकदाच वाचता येतात.

१९७९ मध्ये नॉरफोकमधल्या थेटफर्ड इथे एका शोधकाला चौथ्या शतकातला रोमन साठा मिळाला. सोन्याच्या २२ अंगठ्या, पट्ट्याचं सोनेरी बक्कल, फॉनस या देवाची नावं कोरलेले चांदीचे चमचे. परवानगीशिवाय शोधलेला हा साठा त्याने कित्येक महिने दडवून ठेवला. गोष्ट उघड झाली तेव्हा त्या जागेवर बांधकाम उभं राहिलं होतं आणि शोधकही लवकरच वारला. साठा कशात ठेवलेला होता, आणखी काही होतं का, जवळ मंदिर होतं की सोनाराचं दुकान, यातलं काहीही आता कळणार नाही. बऱ्याच अंगठ्या न वापरलेल्या, एकाच कारखान्यातल्या वाटतात. त्या विकायच्या होत्या की देवाला वाहायच्या होत्या, या वादाला म्हणूनच शेवट नाही.

याच्या उलट १९९२ चं हॉक्स्ने. शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधायला निघालेल्या माणसाला नाणी आणि चमचे लागले. त्याने खोदणं थांबवलं आणि कळवलं. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी तो साठा शास्त्रशुद्ध उकरला. लाकडी पेटीचे अवशेष, आतल्या लहान पेट्या, काय कशाशेजारी ठेवलं होतं, सगळं नोंदवलं गेलं. १४,८६५ नाणी आणि सोन्याचे २९ दागिने. त्यात अंगावर छातीपाठीवरून घालायची साखळी आणि यूलियाना नावाच्या बाईचं नाव असलेलं कंकण. नाण्यांमुळे साठा पाचव्या शतकाच्या सुरुवातीनंतर पुरला, हे पक्कं झालं. १७ लाख ५० हजार पौंडांचा हा साठा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि तो हातोडाही.

२०१४ मध्ये नॉरफोकमधल्याच विनफार्दिंग इथे एका विद्यार्थ्याला काशाचं भांडं लागलं. तो हात आवरून थांबला. पुढच्या रीतसर उत्खननात एका स्त्रीची कबर निघाली, शेकडो गार्नेट जडवलेलं सोन्याचं पदक निघालं, आणि त्याच गळ्यातली दोन पदकं फ्रँक राजा सिगेबर्ट तिसरा याच्या नाण्यांपासून केलेली निघाली. त्या नाण्यांनी सगळ्या कबरीला काळ दिला. पदक एकटंच खिशात घालून नेलं असतं, तर त्याचं वय आजही शैलीवरून अंदाजाने सांगावं लागलं असतं.

महाराष्ट्राला हे दुखणं नवं नाही. पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये झाडाचं मूळ खणताना एका शेतकऱ्याला ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाला. ही शिल्पं रीतसर उत्खननातल्या थरातून आली नाहीत, म्हणून ती उत्तर-हडप्पा काळातली की नंतरची, हा वाद पुढे चालूच राहिला. शिल्पं तीच, धातू तोच. कमी पडली ती भोवतालची माती.

घासूनपुसून केलेलं नुकसान

दागिना हाती आला की तो नळाखाली धरून चकचकीत करावासा वाटतो. सर्वांत जास्त पुरावा याच क्षणी जातो. स्कॉटलंडमधला गॅलोवेचा साठा २०१४ मध्ये सापडला. चांदीची दंडकडी, सोन्याची पक्ष्याच्या आकाराची पिन, स्फटिकाची कुपी. यातल्या काही वस्तू कापडात गुंडाळलेल्या होत्या आणि हजार वर्षांपूर्वीच्या त्या कापडाचे धागे, रेशीमसुद्धा, टिकून राहिले होते. संवर्धकांनी आधी क्ष-किरणांनी आत पाहिलं आणि मग वर्षानुवर्षं खपून एकेक थर सोडवला. नॅशनल म्युझियम्स स्कॉटलंडने हा साठा १९ लाख ८० हजार पौंडांना घेतला. चांदीच्या कड्यांना कुणी उत्साहाने ब्रश मारला असता, तर चांदी उरली असती आणि कापड गेलं असतं.

कळवायचं कुणाला?

डिटेक्टरवाले आणि पुरातत्त्वज्ञ यांचं इंग्लंडमध्ये एके काळी हाडवैर होतं. १९८० मध्ये पुरातत्त्वज्ञांनी या छंदाविरुद्ध जाहीर मोहीमच उघडली होती. कायदाही तोकडा होता. मालकाने परत काढून घ्यायच्या हेतूने पुरलेलंच सोनं-चांदी सरकारजमा होई, आणि हरवलेला सुटा दागिना त्यात येत नसे. मिडलहॅमचं पदक त्यामुळेच १९८६ मध्ये लिलावात सुमारे १३ लाख पौंडांना गेलं आणि यॉर्कशायर म्युझियमला ते नंतर २५ लाख पौंड उभे करून घ्यावं लागलं.

‘ट्रेझर ॲक्ट १९९६’ ने हे बदललं. ३०० वर्षांहून जुनी आणि किमान १० टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू १४ दिवसांच्या आत कॉरोनर या अधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक झालं. संग्रहालयाला ती हवी असेल तर बाजारभावाने किंमत ठरते आणि ती साधारणपणे शोधक आणि जमीनमालक यांच्यात विभागली जाते. २०२३ च्या जुलैपासून २०० वर्षांहून जुन्या, अपवादात्मक महत्त्वाच्या धातूच्या वस्तूही त्यात आल्या, मग सोनं-चांदी असो वा नसो. याच्या जोडीला १९९७ पासून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत नेमलेला अधिकारी वस्तू पाहतो, ओळखतो, फोटो काढून वजनमापांसह नोंदवतो आणि परत देतो. १५ लाखांहून अधिक वस्तूंची ही नोंद सर्वांना पाहायला खुली आहे. आज ओळखीचं सर्वांत मोठं साधन हीच नोंद आहे, कारण नवी अंगठी जुन्या हजार अंगठ्यांशेजारी ठेवून पाहता येते.

जिथे जोडीला ठेवायला काहीच नसतं, तिथे तज्ज्ञही बिचकतात. वॉरिकशायरमध्ये २०१९ मध्ये सापडलेलं सोन्याचं हृदयाकृती पदक आणि ७५ कड्यांची साखळी, एकूण वजन सुमारे ३०० ग्रॅम, आठवा हेन्री आणि कॅथरिन ऑफ ॲरागॉन यांच्या आद्याक्षरांनी आणि गुलाब-डाळिंबाच्या चिन्हांनी सजलेलं. असं दुसरं उरलेलंच नाही. म्हणून ते खरं आहे याची आधी कसून तपासणी झाली, आणि मगच २०२३ मध्ये जगाला दाखवलं गेलं. ३५ लाख पौंडांना ते घेण्यासाठी ब्रिटिश म्युझियमने २०२५ मध्ये लोकांना मदतीचं आवाहन केलं.

लपवणाऱ्यांचंही उदाहरण आहे. हेरफर्डशायरमध्ये २०१५ मध्ये दोघांना व्हायकिंग काळातला साठा मिळाला. अंगठी, कडं, स्फटिकाचं पदक आणि सुमारे ३०० नाणी. त्यांनी तो न कळवता विकायला काढला. २०१९ मध्ये दोघं तुरुंगात गेले. नाण्यांपैकी जेमतेम ३१ त्यावेळी हाती लागली. आल्फ्रेड राजा आणि मर्सियाचा राजा यांच्या संबंधांवर नवा प्रकाश टाकणारी नाणी होती ती.

आपल्याकडचं चित्र

आपल्याकडे दफिना म्हटलं की अजूनही मांत्रिक, पायाळू आणि अमावस्या हेच आठवतं. महाराष्ट्राला २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी केल्या जाणाऱ्या अमानुष प्रकारांचा समावेश करावा लागला. दागिना बहुधा विहीर, घराचा पाया किंवा जेसीबीच्या फावड्याखाली निघतो आणि पहिल्यांदा पोचतो तो सोनाराकडे. सोनार कस लावतो, वजन करतो आणि मुशीत टाकतो. ओळखीचा प्रश्न तिथेच मिटतो.

कायदा आहे, १८७८ चा. जमिनीत दडवलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं. मालक पुढे आला नाही तर शोधणाऱ्याला तीनचतुर्थांश आणि जागेच्या मालकाला एकचतुर्थांश. सरकारला ठेवा स्वतःकडे घ्यायचा असेल, तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा एवढी रक्कम द्यायची. लपवल्यास वर्षापर्यंत कैद. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागू होतो.

यातली ‘धातूची किंमत’ हीच अडचण आहे. मिडलहॅमच्या पदकातलं सोनं वितळवलं असतं तर त्याच्या लिलावाच्या किमतीचा किरकोळ अंशही आला नसता. दागिन्याची किंमत त्याच्या ओळखीत असते, आणि आपला कायदा ओळखीचं मोल वजनाच्या वर वीस टक्क्यांत उरकतो. एवढ्यासाठी शेतकऱ्याने कचेरीचे खेटे का घालावेत, याला सरकारपाशी उत्तर नाही. इंग्लंडचा अनुभव सांगतो की योग्य मोबदला आणि गावपातळीवर ओळख पटवून देणारा माणूस, या दोन गोष्टी असल्या की लोक स्वतःहून येतात. डिटेक्टरचा छंद इथे आणायची गरज नाही. त्यातून स्थळांची लूटच वाढेल. पण जिल्हा पातळीवर नोंद घेणारा जाणकार आणि १८७८ च्या मोबदल्यात दुरुस्ती, एवढं तरी महाराष्ट्राने मागितलं पाहिजे.

तोवर वाचकांना एवढंच सांगणं. ब्रिटनमध्ये हा छंद असलेल्या मराठी मंडळींनी जमीनमालकाची परवानगी घ्यावी, संरक्षित स्थळी यंत्र नेऊ नये आणि सापडलेली वस्तू आपल्या भागातल्या स्कीमच्या अधिकाऱ्याला दाखवावी. इथे पाया खणताना काही चमकलं, तर खोदणं थांबवा. जागेवरच फोटो काढा, किती खोल आणि कशाच्या शेजारी होतं ते लिहून ठेवा, पाणी लावू नका, आणि सोनाराकडे जाण्याआधी तहसील कचेरीत किंवा जवळच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात कळवा. कस नंतरही लावता येतो. जागा एकदा उकरली की पुन्हा वाचता येत नाही.